लिनक्सवर ऑडिओ सीडी उतरवायच्या आहेत, पण सॉफ्टवेअरच इन्स्टॉल होत नाहीये

मृद्गंधा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ऑडिओ सीडींचं कपाट भरलेलं आहे. नाट्यसंगीत, अभंग, कुमारजी, किशोरीताई, बाबूजींची भावगीतं. शिवाय सासरेबुवांनी कुणाकुणाकडून कॉपी करून घेतलेली व्याख्यानं, साध्या कोऱ्या सीडींवर, वर पेनाने नाव लिहिलेली. प्लेअरने आता मान टाकली आहे, तेव्हा हे सगळं संगणकात उतरवायचं ठरवलंय. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. भाच्याने टाकून दिलं आणि तो नोकरीला बंगळुरूला गेला. सीडी ड्राइव्ह बाहेरचा, यूएसबीला लावायचा पातळसा.

एका इंग्रजी ब्लॉगवर पायऱ्या सापडल्या, त्याप्रमाणे करत गेले. सीडी माउंट करताना 'चुकीची फाइल सिस्टीम किंवा खराब सुपरब्लॉक' असा संदेश आला. मग त्यात दिलेला पीपीए जोडला, तर अपडेट करताना 'या रिपॉझिटरीत रिलीज फाइल नाही' म्हणून लाल अक्षरं. ॲबसीडीई हा सीडी उतरवणारा प्रोग्राम टाकायला गेले तर 'पॅकेज सापडत नाही'. शेवटी मॉरिट्युरी नावाचं काहीतरी पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं हत्यार) टाकून पाहिलं, तर 'हे एन्व्हायरन्मेंट बाहेरून सांभाळलं जातं' असं म्हणून त्याने दारातूनच परत पाठवलं.

टर्मिनलची भीती नाही, पण हे एकामागून एक काय चाललंय ते कळेना. कुणी सांगेल का?

विंडोजवाला

विंडोज टाका, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी टाका, संपला विषय. 😄

टर्मिनलतात्या

विंडोजवाले, तुमचा प्रतिसाद दर धाग्यावर ठरलेला असतो. चहा घ्या.

मृद्गंधाताई, तुमच्या चार तक्रारींची कारणं चार वेगळी आहेत आणि एकीतही लॅपटॉप बिघडलेला नाही. तो ब्लॉग जुना आहे, बस्स. मोबाइलवरून मराठी कीबोर्डने लिहितोय, त्यामुळे कमांड उच्चाराप्रमाणे देतो. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाका.

माउंटचं, म्हणजे डिस्क फोल्डरसारखी उघडण्याचं, आधी. ऑडिओ सीडी माउंट होतच नाही, कारण तिच्यावर फायली नसतात. फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये जे रेड बुक ठरवलं, त्यात फाइल ही कल्पनाच नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनेल, असा आवाजाचा एक सलग प्रवाह आतून बाहेर गोल गोल लिहिलेला असतो आणि सुरुवातीला कुठलं गाणं कुठे सुरू होतं याची यादी. विंडोजमध्ये दिसणाऱ्या सीडीए फायली पाहिल्यात का? प्रत्येकी ४४ बाइटच्या. त्यांत गाणं नसतं, नुसता पत्ता असतो. उबुंटूच्या फाइल्स ॲपमध्ये 'ट्रॅक १' वगैरे वेव्ह फायली दिसतील, तीही जीव्हीएफएस या उबुंटूतल्या भागाने आपल्या सोयीसाठी उभी केलेली देखाव्याची मांडणी. म्हणून माउंटचा नाद सोडा. सीडी माउंट करायची नसते, 'रिप' करायची असते, म्हणजे तो प्रवाह वाचून फाइल बनवायची.

पीपीए म्हणजे कुणीतरी स्वतःच्या हौसेने चालवलेलं पॅकेजांचं दुकान. तुमच्या ब्लॉगवाल्याने सांगितलेलं दुकान २४.०४ साठी कधी उघडलंच नाही, म्हणून रिलीज फाइल नाही. तो काढून टाका: सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी, मग दोन डॅश रिमूव्ह, मग पीपीएचं तेच नाव. नाही काढला तर दर अपडेटला हीच लाल अक्षरं दिसत राहतील.

ॲबसीडीई सापडत नाही, कारण बहुधा 'युनिव्हर्स' बंद आहे. उबुंटूचं मूळ भांडार चार भागांत असतं: मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स, मल्टिव्हर्स. आपल्याला लागणारी बहुतेक हत्यारं युनिव्हर्समध्ये. हे करा आणि काय येतं ते इथे टाका:

ग्रेप कम्पोनन्ट्स /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/उबुंटू.सोर्सेस

मॉरिट्युरी विसरा. ते पायथन २ वर चालायचं आणि उबुंटू २४.०४ मध्ये पायथन २ मिळतच नाही. त्याचा वारस आहे व्हिपर, त्यावर जाणकार बोलतीलच. आणि पिपने जे हाकललं ते योग्यच केलं. अलीकडच्या डेबियन-उबुंटूत सिस्टीमचा पायथन पिपला हात लावू देत नाही, कारण उबुंटूची स्वतःचीच बरीच हत्यारं त्यावर उभी आहेत. जबरदस्ती करायचा एक पर्याय त्या संदेशातच लिहिलेला असतो. तो वापरू नका.

मृद्गंधा

तात्या, किती सविस्तर! धन्यवाद. पीपीए काढला, लाल अक्षरं गेली.

ग्रेपचं उत्तर: नुसतं 'मेन रिस्ट्रिक्टेड'. दोन ठिकाणी तेच.

त्या ब्लॉगमध्ये असंही आहे की सोर्सेस.लिस्ट फाइल उघडून तळाला 'बायॉनिक युनिव्हर्स' अशी ओळ टाका. फाइल उघडली तर ती रिकामीच आहे, फक्त एक सूचना लिहिलीय. टाकू का ती ओळ?

टर्मिनलतात्या

अजिबात नको!! बायॉनिक म्हणजे १८.०४. तुमची आहे नोबल, म्हणजे २४.०४. जुन्या आवृत्तीचं भांडार नव्यात जोडलं की एखादी जुनी लायब्ररी शिरते, मग दुसरं काहीतरी तिच्यावर अडतं, आणि शेवटी 'तुटलेली पॅकेजेस' निस्तरत बसावं लागतं.

फाइल रिकामी दिसते तेही बरोबर आहे. २४.०४ पासून यादी तिथून हलवून उबुंटू.सोर्सेसमध्ये नेली, सूचनेत तेच लिहिलं असेल. हातानेही बदलता येईल, पण सरळ हे करा:

सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल ॲबसीडीई फ्लॅक लेम

'फ्लॅक' आणि 'लेम' मुद्दाम सांगतोय. ॲबसीडीई स्वतः काहीच रूपांतर करत नाही. ती एक लांबलचक शेल स्क्रिप्ट आहे. सीडी वाचायला सीडीपॅरानोया, नावं शोधायला म्युझिकब्रेन्झ, फ्लॅक (आवाज न गमावता लहान केलेली फाइल) बनवायला फ्लॅक नावाचाच प्रोग्राम, एमपीथ्रीला लेम, असं प्रत्येकाकडून काम करून घेते. आपण काही सांगितलं नाही तर ती ऑग नावाच्या वेगळ्या प्रकारच्या फायली बनवते, म्हणून फ्लॅकचा प्रोग्राम सोबत येईलच असं धरून चालू नका. 'फ्लॅक तुमच्या पाथमध्ये नाही' असा निरोप पाहून लोक ॲबसीडीई पुन्हा पुन्हा टाकत बसतात, नसतो फक्त फ्लॅक.

कोकणी_काजू

धागा छान चाललाय. एक प्रश्न, लेम टाकायला काही परवान्याची भानगड नाही ना? पूर्वी सगळीकडे सावधगिरीची सूचना असायची.

टोरांटोकर

@कोकणी_काजू, ती भानगड मिटली. एमपीथ्रीची पेटंट्स संपत आली तसा फ्राउनहोफरने एप्रिल २०१७ मध्ये आपला परवाना कार्यक्रमच बंद केला. त्यानंतर फेडोरासारख्या काटेकोर डिस्ट्रोनेही एमपीथ्री एन्कोडर आत घेतला. जुन्या लेखांतले 'रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज टाका', 'अमुक कोडेक कुठून तरी आणा' हे सल्ले त्या काळातले.

मृद्गंधा

युनिव्हर्स सुरू झालं. पण इन्स्टॉल करताना 'लॉक मिळत नाही, दुसरी प्रक्रिया वापरते आहे' असं येतंय. एकीकडे लिहिलंय की लॉक फाइल डिलीट करा...

टर्मिनलतात्या

त्या 'एकीकडे'वाल्याला माझा नमस्कार सांगा. लॉक फाइल उडवू नका. पाठीमागे उबुंटू स्वतःहून सुरक्षेचे अपडेट टाकत असेल, त्याच्या हातातलं काम हिसकावून घेतलं तर अर्धवट पॅकेजेस राहतात. जरा थांबा, मग पुन्हा द्या. मधे वीज गेली आणि खरंच अर्धवट राहिलं तर सुडो डीपीकेजी, दोन डॅश कॉन्फिगर, डॅश ए. पण ती वेळ येणार नाही.

रागदारी

तोवर एक मुद्दा. ताई, कृपया एमपीथ्री करू नका. म्हणजे गाडीसाठी करा हवं तर, पण मूळ प्रत फ्लॅकच ठेवा. आकडा साधा आहे: ४४,१०० गुणिले १६ गुणिले २, म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. तासाभराची सीडी म्हणजे ६३५ एमबीच्या आसपास. फ्लॅक त्याचं साधारण निम्मं करतो, कधी थोडं जास्त, आणि एक बिटही हरवत नाही. शंभर सीडी ठेवल्या तरी चाळीस जीबीच्या आत-बाहेर. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही.

आवाजातला फरक ऐकू येतो की नाही यावर मी भांडणार नाही, त्यावर इथे आधीच पुष्कळ रक्त सांडलंय. माझा मुद्दा सलगतेचा. मैफलीच्या सीडीवर विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅक बदलतो, पण तबला थांबलेला नसतो. एमपीथ्रीत प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेचा एक बारीक तुकडा चिकटतो, ती त्या पद्धतीचीच मर्यादा आहे. लेम त्याची नोंद फाइलमध्ये करून ठेवतो, पण ती नोंद वाचून तुकडा कापणारा प्लेअर हवा. स्वस्तातला प्लेअर ती वाचत नाही आणि ऐन समेच्या आधी खड्डा पडतो. फ्लॅकमध्ये हा प्रकार नाही.

विंडोजवाला

ऐन समेच्या आधी खड्डा! रस्ते विभागाला कळवा.

मृद्गंधा

😂

इन्स्टॉल झालं! ॲबसीडीई, डॅश ओ, फ्लॅक असं दिलं. पहिलं गाणं उतरलं, दुसऱ्याच्या मधे सगळं ठप्प. ड्राइव्हचा आवाज बंद होतो, पुन्हा सुरू होतो. नंतर म्हणतं, असं उपकरणच नाही. काही वेळा पहिल्यापासूनच 'परवानगी नाही' असंही येतं. सॉफ्टवेअर काढून परत टाकू का?

कोकणी_काजू

हे सॉफ्टवेअरचं नाहीच बहुतेक. ड्राइव्हला वीज पुरत नसणार. पातळ ड्राइव्ह यूएसबीवरच जगतो. साध्या यूएसबी २ पोर्टने द्यायची वीज ५०० मिलिअँपिअर, आणि सीडी वेगाने फिरायला लागली की तो तेवढ्यावर भागवत नाही. एका टर्मिनलमध्ये सुडो डीमेसेज, डॅश डब्ल्यू चालू ठेवा आणि दुसऱ्यात रिप करा. ठप्प होताना 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशी ओळ आली तर समजा तेच.

उपाय: काही ड्राइव्हसोबत दोन टोकांची केबल येते, ती दोन्ही टोकं लावा. नाहीतर स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब. साधा हब नको, तो आहे त्याच विजेचे वाटे करतो.

टर्मिनलतात्या

काजूंचं बरोबर आहे, आधी तेच बघा. 'परवानगी नाही'साठी: ड्राइव्ह म्हणजे /डेव्ह/एसआर०, आणि तो 'सीडीरॉम' गटाच्या मालकीचा असतो. तुम्ही त्या गटात आहात का, 'ग्रुप्स' एवढंच टाइप केलं की कळेल. नसाल तर सुडो यूजरमॉड, डॅश ए मोठा जी, सीडीरॉम, आणि तुमचं लॉगिन नाव. त्यानंतर लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर गट लागू होत नाही, आणि माणूस म्हणतो कमांड चालली नाही.

छोटा ए विसरू नका. त्याच्याशिवाय दिलं तर बाकीच्या गटांतून नाव निघतं, सुडोमधूनही.

आणि सुडो लावून ॲबसीडीई चालवायचा मोह टाळा. चालेल, पण सगळ्या फायली रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, नावावर होतील आणि मग नाव बदलायलाही सुडो लागेल.

चष्मिष्ट

ज्यांना टर्मिनल नको त्यांच्यासाठी: असंडर किंवा साउंड ज्यूसर घ्या, केडीईवाल्यांना ऑडेक्स आणि केथ्रीबी आहेत. असंडर मला सगळ्यात आवडतो, एकच खिडकी, फापटपसारा नाही. वाचायचं काम तोही सीडीपॅरानोयाकडूनच करून घेतो. फ्लॅटपॅकमधून एखादा रिपर टाकलात आणि त्याला ड्राइव्हच दिसला नाही, तर इन्स्टॉल बिघडलेलं नसतं. त्याला पेटीबाहेरची उपकरणं दिसत नाहीत. फ्लॅटपॅक ओव्हरराइड, दोन डॅश यूजर, दोन डॅश डिव्हाइस बरोबर ऑल, आणि ॲपचं नाव. पण उबुंटूच्या भांडारात असेल तर तिथूनच घेणं बरं.

मृद्गंधा

काजू, ओळ आली! 'यूएसबी डिस्कनेक्ट'. दोन टोकांची केबल खोक्यातच होती, ती लावली आणि अख्खी सीडी उतरली. गटातही नाव घातलं.

आता दोन गोष्टी. एक, पडद्यावर रेघ सरकत असताना शेवटी :-) असं चिन्ह येतं, मधेच दुसऱ्या सीडीला :-( आलं. हे खरंच स्मायली आहेत का? दोन, नावं काहीच आली नाहीत. सगळं 'अननोन आर्टिस्ट, ट्रॅक १'.

टर्मिनलतात्या

खरंच स्मायली आहेत. सीडीपॅरानोया लिहिणारे माँटी, ऑग व्हॉर्बिसवाले तेच. त्यांनी वाचनाची हालहवाल चेहऱ्यांनी सांगायची ठरवली. :-) म्हणजे वाचन सुरळीत. :-| म्हणजे ड्राइव्ह जागा चुकतोय, पण सांभाळून घेतलं जातंय. :-( म्हणजे ओरखडा सापडला. ;-( दिसलं तर दुरुस्तीचा प्रयत्न सोडून दिला असं समजा, तेवढं गाणं नंतर कान देऊन ऐका.

जागा चुकणं हा ऑडिओ सीडीचा जन्मजात त्रास. डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमधले २०४८ च आपल्या कामाचे, उरलेल्यात पत्ता आणि जादा दुरुस्तीची माहिती. ऑडिओत सगळे २३५२ आवाजालाच दिलेले. म्हणून ड्राइव्हला 'या सेकंदापासून वाच' म्हटलं तर तो किंचित मागेपुढे सुरू करतो. सीडीपॅरानोया एकमेकांवर चढणारे तुकडे पुन्हा पुन्हा वाचतो आणि जुळणी करून शिवतो. म्हणून तो हळू चालतो. हळू चालतोय म्हणून मधेच तोडू नका.

टोरांटोकर

नावांबद्दल मी सांगतो. सीडीवर बहुधा नावं नसतातच. सीडी-टेक्स्ट नावाची सोय आहे, पण मराठी सीडींवर मला क्वचितच दिसली. प्रोग्राम काय करतो, तर ट्रॅक कुठे सुरू होतात त्या आकड्यांवरून एक ओळखक्रमांक काढतो आणि नेटवरच्या यादीत शोधतो. पूर्वी ही यादी फ्रीडीबी होती, ती २०२० मध्ये बंद झाली. तुमच्या ब्लॉगवरून कॉन्फिग फाइल उतरवली असेल तर तिच्यात अजून तोच पत्ता असेल आणि ॲबसीडीई तिथे वाट पाहत बसेल. घरच्या फोल्डरमध्ये डॉट ॲबसीडीई डॉट कॉन्फ नावाची फाइल असेल, तिच्यात सीडीडीबीमेथड या ओळीत म्युझिकब्रेन्झ लिहा. फ्रीडीबीची माहिती ग्नूडीबीने पुढे चालू ठेवली आहे, पण तिचा ओळखक्रमांक इतका आखूड आहे की दोन वेगळ्या सीडींचा तोच निघतो. माझ्या अभंगांच्या सीडीला एकदा जर्मन ब्रास बँडची नावं लागली होती. विठ्ठलाला चाललं असतं, आईला चाललं नाही.

म्युझिकब्रेन्झवर मराठी सीडी तुरळक आहेत. याचा सरळ अर्थ, तुमच्या कपाटातल्या बऱ्याचशा तिथे तुम्हालाच भराव्या लागतील. खातं फुकट उघडतं. पिकार्ड नावाचं त्यांचं ॲप आहे, उबुंटूच्या भांडारातच. त्यात सीडी ओळखण्याची सोय आहे. सापडली नाही तर तोच ओळखक्रमांक घेऊन संकेतस्थळावर नवी नोंद करता येते. एकदा केलीत की ती सीडी जगात कुणीही घातली तरी नावं येतील. माझ्या काही नोंदींवर नागपूरच्या कुणीतरी शुद्धलेखन सुधारलेलं पाहिलं तेव्हा भारी वाटलं.

चष्मिष्ट

शुद्धलेखनावरून आठवलं. नोंद करताना कलाकाराचं नाव एकाच तऱ्हेने ठेवा. एकीकडे 'भीमसेन जोशी', एकीकडे 'पं. भीमसेन जोशी', तिसरीकडे रोमनमध्ये, असं झालं की प्लेअरमध्ये तीन वेगळे गायक दिसतात. म्युझिकब्रेन्झवर कलाकाराला पर्यायी नावं जोडता येतात, ती तिथे द्या.

भावगीतांना तर गायक, संगीतकार, गीतकार तीन वेगळे, आणि आपल्याला तिन्ही हवे असतात. गदिमांची सगळी गाणी एकत्र ऐकायची तर गीतकाराची चिठ्ठी लागतेच, म्हणजे टॅग. फ्लॅकमध्ये हवं ते नाव देऊन टॅग करता येतो, कुणी अडवत नाही. ख्यालाला रागाचं आणि तालाचं नावही घाला. म्युझिकब्रेन्झवर रचनेच्या नोंदीत हिंदुस्थानी राग आणि तालासाठी वेगळी जागाच आहे.

मृद्गंधा

देवनागरीत टॅग लिहिले तर चालतात का? टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटलेली दिसतायत, वेलांट्या भलतीकडे. फाइल बिघडली का?

चष्मिष्ट

फाइल ठणठणीत आहे. टर्मिनलला आपली जोडाक्षरं मांडता येत नाहीत, एवढंच. तीच फाइल प्लेअरमध्ये उघडा, नीट दिसेल. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र लोकेल, म्हणजे सिस्टीमची भाषा-अक्षरांची सेटिंग, बघा, ते यूटीएफ-८ हवं. फ्लॅकचे टॅग नेहमी यूटीएफ-८ मध्येच असतात, म्हणून तिथे घोळ होत नाही. एमपीथ्रीत घोळ होतो: जुने आयडीथ्री व्ही१ टॅग देवनागरी ठेवूच शकत नाहीत, आणि व्ही२ मध्ये बरोबर लिहिलं तरी गाडीतल्या सिस्टीममध्ये देवनागरीचा फाँटच नसतो, मग चौकोन दिसतात. मी फ्लॅक देवनागरीत ठेवतो आणि गाडीच्या पेन ड्राइव्हसाठी वेगळी एमपीथ्री प्रत, रोमन नावांची. पेन ड्राइव्ह फॅट असेल तर फाइलच्या नावात विसर्गासारखं दिसणारं कोलन आणि प्रश्नचिन्ह टाळा.

टोरांटोकर

ज्यांना अगदी चोख प्रत हवी त्यांनी व्हिपर बघा. भांडारात असेल तर ॲप्टनेच टाका. पिपने टाकायला गेलात तर पायसीडीआयओ कंपाइल होताना स्विग नाही, लिबसीडीआयओच्या हेडर फायली नाहीत, अशा तक्रारी रांगेत येतात. व्हिपर तुमच्या ड्राइव्हचा ऑफसेट विचारतो, म्हणजे ड्राइव्ह ठरावीक किती नमुने मागेपुढे वाचतो ते. मग ॲक्युरेटरिप नावाच्या यादीशी ताडून पाहतो की जगात इतरांनी हीच सीडी रिप केली तेव्हा हेच बिट आले होते का. ऑफसेट शोधायला त्या यादीत असलेली सीडी लागते, म्हणून तेवढ्यापुरती एखादी गाजलेली इंग्रजी सीडी कुणाकडून तरी उसनी आणा. सीडीची नोंद म्युझिकब्रेन्झवर नसेल तर व्हिपर अडून बसतो, तेव्हा 'अननोन'चा पर्याय द्यावा लागतो.

टर्मिनलतात्या

सगळं खरं, पण ताडून पाहायला यादीत दुसरं कुणी असावं लागतं ना. मराठी व्याख्यानाची घरगुती सीडी टोरांटोत कुणी रिप केली असेल? अशा वेळी गावठी उपाय बरा: तीच सीडी पुन्हा रिप करा, जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि दोन्ही फ्लॅक ताडून बघा. फ्लॅक फाइलच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा ठेवलेला असतो. मेटाफ्लॅक, दोन डॅश शो-एमडी५सम दिलं की तो दिसतो. टॅग बदलले तरी हा ठसा बदलत नाही. दोन्हीकडे सारखा आला तर निर्धास्त राहा.

एकच सांगायचंय, ड्राइव्ह वेगळा असेल तर ऑफसेटमुळे नमुने सरकतात आणि आवाज तोच असूनही ठसा जुळत नाही. तेव्हा तिथे दोन्ही ड्राइव्हचे ऑफसेट द्यावे लागतील. त्याच ड्राइव्हवर ही अडचण नाही.

कोकणी_काजू

ताई, आधी कुठल्या सीडी उतरवताय? मी म्हणेन, घरी कॉपी केलेल्या सगळ्यात आधी. विकतच्या सीडीत खड्डे साच्याने ठोकलेले असतात. कोऱ्या सीडीत रंगाच्या थरावर लेझरने डाग पाडलेले असतात, आणि ऊन-दमटपणाने तो रंग उतरतो. रत्नागिरीच्या आमच्या घरात विकतच्या जुन्या सीडी अजून वाजतात, पण लग्नाच्या गाण्यांची कॉपी केलेली एकही धड नाही.

बुरशी आली असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका, गोलाकार ओरखडा वाचनाच्या वाटेवरच पडतो. थिनर, पेट्रोल नकोच. आणि लोक चकचकीत बाजूला जपतात, पण खरी नाजूक आहे ती छापील बाजू. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लास्टिक आहे, छापील बाजूला वार्निशचा पातळ थर आणि लगेच आरसा. पेनाने नाव लिहिलेल्या सीडींवर चिकटपट्टी लावली असेल तर ती ओढून काढू नका, आरसा सोबत येतो.

मृद्गंधा

सासऱ्यांनी चिकटपट्टीच लावली आहे! बरं झालं सांगितलंत.

व्याख्यानांपासूनच सुरू केलं. बहुतेक उतरली, एकीचा शेवटचा ट्रॅक तासभर तिथेच घुटमळतोय. आणि एक विचारायचं राहिलं, हे कायदेशीर आहे ना?

रागदारी

स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःच्या वापरासाठी प्रत, एवढ्यापुरतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठीच्या न्याय्य वापराला जागा आहे. फायली फॅमिली ग्रुपवर वाटायला लागलात की मात्र ती खाजगी बाब उरत नाही.

टर्मिनलतात्या

शेवटचा ट्रॅक: सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचं गाणं कडेला. बोटांचे ठसे तिथे, रंग पहिला उतरतो तिथे. ॲबसीडीई थांबवा आणि तेवढा ट्रॅक सीडीपॅरानोयाने सुटा काढा, डॅश मोठा एस आणि ४ देऊन वेग कमी करून. तरी घुटमळला तर डॅश मोठा झेड द्या, त्याने सगळी तपासणी बंद होते आणि जे मिळेल ते मिळतं. व्याख्यानात दोन ठिकाणी टक् आवाज आला तर बिघडत नाही, वाक्य तर राहील. तेही जमलं नाही तर शेजारपाजारच्या जुन्या डेस्कटॉपमधला मोठा ड्राइव्ह शोधा. पातळ ड्राइव्ह हार मानतो तिथे तो पुष्कळदा वाचतो.

नवखा९८

तात्या, धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्याकडे 'एमपीथ्री, ५१ भक्तिगीते' अशी डिस्क आहे आणि काही नाटकांच्या व्हीसीडी. ॲबसीडीई म्हणते सीडीत ऑडिओच नाही. व्हीसीडीतल्या डॅट फायली कॉपी करताना 'इनपुट-आउटपुट एरर'. डिस्क खराब आहेत का?

टर्मिनलतात्या

घुसलास ते बरं केलंस, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं.

५१ गाण्यांची डिस्क ऑडिओ सीडी नाही, ती डेटा सीडी. फोल्डर उघड, फायली उचल, दुसरीकडे ठेव. ती फ्लॅक करायला जाऊ नकोस, गेलेला आवाज परत येत नाही, फाइल फुगते तेवढी. ओरखडे असतील तर जीडीडीरेस्क्यू पॅकेज टाकून आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा काढ. हे फक्त डेटा सीडीला चालतं, ऑडिओला नाही.

व्हीसीडीची डिस्क बहुधा चांगली आहे. तिच्यातली चित्रफीत वेगळ्या तऱ्हेच्या सेक्टरमध्ये असते, एकात २३२४ बाइट. साधी कॉपी २०४८ धरून वाचायला जाते, म्हणून एरर. व्हीसीडीइमेजर टाक, त्यासोबत व्हीसीडीएक्सरिप येतं, ते डिस्कवरून सरळ एमपेग फाइल काढतं. चित्र ३५२ बाय २८८ चंच मिळेल, त्याहून मोठं करायचा खटाटोप करू नकोस. नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसीत 'ओपन डिस्क'मधून व्हीसीडी निवड.

अडलास तर वेगळा धागा काढ आणि टर्मिनलचा पूर्ण मजकूर चिकटव, मोबाइलने पडद्याचा फोटो काढून टाकू नकोस.